रोजच्याप्रमाणेच काम करावे

सतरा नंबरच्या बसवर जी कंडक्टर बाई होती तिला प्रवाशांनी 'दुर्बीण' असं नाव ठेवलं होतं. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. गाडी खच्चून भरलेली असली तरी शेवटच्या बाकावर झोपेचं सोंग घेऊन बसलेला माणूस बिनतिकिटाचा आहे, हे तिला पुढच्या दारातून कळायचं. खरा झोपलेला माणूस तोंड उघडं टाकतो आणि सोंगाड्या घट्ट मिटून घेतो, असा तिचा सिद्धांत होता, आणि तो तिने बावीस वर्षं चालवला होता. आता बावीस वर्षं माणूस संशय घ्यायचीच नोकरी करतो, तेव्हा तो संशय काही संध्याकाळी गणवेशाबरोबर खुंटीला टांगून ठेवता येत नाही. दूधवाला दोन मिनिटं उशिरा आला तरी ती त्याच्याकडे शेवटच्या बाकावरच्या माणसाकडे बघावं तशी बघायची.

त्यामुळे सतरा नंबरचा मार्ग जुन्या खात्याकडून काढून नव्या कंपनीला देणार, अशी बातमी डेपोत आली तेव्हा बाकीच्यांचे चेहरे उतरले, पण दुर्बिणीच्या चेहऱ्यावर थोडं समाधानच दिसलं. मी म्हणतच होते, हे म्हणायची संधी तिला मिळाली होती. काय म्हणत होती ते कोणाला आठवत नव्हतं, पण विचारायला कोण जातंय?

बातमीच्या मागोमाग डेपोच्या फळ्यावर एक कागद लागला. सोमवारपासून सात दिवस मार्गाचे सर्वेक्षण होईल, कर्मचाऱ्यांनी रोजच्याप्रमाणेच काम करावे. खाली गोल शिक्का. तिच्या गाडीचा ड्रायव्हर, ज्याला सगळे दादा म्हणत, त्याने तो कागद दोनदा वाचला आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

"रोजच्याप्रमाणेच करा म्हणतात. मग करू की."

"तुम्ही पण ना दादा! रोजच्याप्रमाणे करा, असं कोणी कागदावर लिहून सांगतं का? वहिनी कधी सांगतात का तुम्हाला, आज रोजच्याप्रमाणे जेवा म्हणून? ज्या दिवशी सांगतील त्या दिवशी आधी ताटात नीट बघून घ्या."

दादाने मान हलवली. बारा वर्षं तो हिच्याबरोबर गाडी चालवत होता आणि त्यातली अकरा वर्षं तरी त्याने मानच हलवली होती. त्यात त्याला साखरेचा आजार. नवी कंपनी सगळ्या ड्रायव्हरांची तपासणी करणार असं त्याने ऐकलं होतं आणि तेव्हापासून त्याचा जीव टांगणीला लागला होता.

"ह्यात पाणी मुरतंय," दुर्बीण म्हणाली. "त्यांना आपल्या चुका हव्यात. कोण कुठे घसरतंय ते टिपणार आणि त्याला घरी बसवणार. सात दिवस मी सांगते तसं करायचं. अगदी पुस्तकाप्रमाणे."

आता ह्या सर्वेक्षणाला ही बाई एवढी का घाबरली होती, तर त्याला कारण होतं. ते कारण रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी निळ्या भिंतीपाशी उभं असायचं. ती तिची सख्खी धाकटी बहीण.

धाकटीचा डावा पाय लहानपणीच्या तापात आखडला तो आखडलाच. त्या पायात चार बोटं उंच तळाचा बूट घालून ती चालायची आणि शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. कारखान्याचं फाटक आठला बंद व्हायचं. तिच्या गल्लीचं तोंड निघायचं निळ्या भिंतीपाशी आणि खरा थांबा होता पलीकडे, पाण्याच्या टाकीजवळ. मध्ये आडवा हमरस्ता आणि तो ओलांडायचा पूल. बेचाळीस पायऱ्या वर, बेचाळीस खाली. नऊ वर्षांपूर्वी एकदा धाकटी त्या पायऱ्यांवरून पडली, आणि दुसऱ्या दिवशी दुर्बिणीने भिंतीपाशी घंटी मारली. दादाने काही न विचारता गाडी थांबवली. अर्धं मिनिट, फार तर. तेव्हापासून गाडी रोज तिथे थांबायला लागली. मग धाकटीच्या मागे एक निवृत्त मास्तर उभे राहायला लागले, मग दवाखान्यातल्या दोन नर्सबाई. करता करता तिथे अकरा माणसांची रांग लागायला लागली. ना खांब, ना पाटी, तरी नऊ वर्षांत त्या माणसांची बस कधी चुकली नव्हती.

पण खात्याच्या नियमपुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं: नातेवाइकांच्या सोयीसाठी गाडी थांबवणाऱ्यास कामावरून कमी करण्यात येईल. चार वर्षांपूर्वी एका कंडक्टरला त्याच्या सासऱ्यासाठी गाडी थांबवली म्हणून घरी पाठवलं होतं. नर्सबाई आणि मास्तर नंतर आले हे खरं, पण पहिली कोण आली? हा प्रश्न कोणी विचारला की दुर्बिणीची नोकरी गेलीच.

रविवारी ती धाकटीकडे गेली आणि दार लावून घेऊन बोलली.

"सात दिवस टाकीच्या थांब्यावर जा. बाकीच्यांनाही सांग. भिंतीपाशी कोणी दिसता कामा नये."

"पूल चढून?"

"सातच दिवस गं. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

धाकटी कॉलरचे दोरे तोडत होती. तिने वर न बघता म्हटलं, "सातच ना? मग चढीन. तुझ्यासाठी एवढं करायला काय झालं?"

सोमवारी सकाळी पहिल्याच थांब्यावर सर्वेक्षणाची बाई चढली. तिशीतली, साधी चप्पल, खांद्याला कापडी पिशवी आणि हातात चौकटीची वही. तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसली आणि दुर्बीण जवळ येताच म्हणाली, "एक शेवटपर्यंत द्या, काकू."

काकू! गणवेशातल्या बाईला काकू? दुर्बिणीने तिकीट असं फाडलं की वहीवालीचं बोटच फाटायचं. शिवाय सर्वेक्षणवाल्यांना तिकीट लागत नाही, मग हिने ते का घेतलं? हा सापळाच आहे, अशी इथेच तिची खात्री पटली. सुट्टे पैसेही बरोबर मोजून आणले होते. प्रामाणिकपणाचा एवढा देखावा सरळ माणूस करत नाही, हे तिला बावीस वर्षांनी शिकवलं होतं.

वहीवाली बोलायची काहीच नाही. गाडी थांबली की घड्याळ बघायची, कोण चढलं, कोण उतरलं ते टिपायची. उतरणाऱ्यांच्या पायांकडेसुद्धा बघायची. पायांकडे कशाला बघायचं? दुर्बीण डोळ्यांत तेल घालून तिच्या पेन्सिलीवर नजर ठेवून होती आणि त्या नादात त्या दिवशी तिच्या हातून दोन प्रवासी खरोखरच बिनतिकिटाचे निसटले.

निळी भिंत आली. भिंतीपाशी कोणी नव्हतं, फक्त मास्तर उभे होते. त्यांना निरोप मिळाला होता, पण ते विसरले होते. गाडी बघून त्यांनी नेहमीसारखा हात वर केला. दादाचा पाय ब्रेककडे गेला तशी दुर्बीण मागून खोकली. गाडी तशीच पुढे गेली. मास्तरांचा हात वरच राहिला.

"ते आजोबा आपल्यालाच हात करत होते ना?" वहीवालीने विचारलं.

"त्यांना सवय आहे. ते कोणालाही हात करतात," दुर्बीण म्हणाली. मास्तरांनी तिच्या मुलाला दोन वर्षं फुकट गणित शिकवलं होतं. हे बोलताना तिला लाज वाटली, चांगलीच वाटली, पण ती तिने गिळून टाकली.

भिंत निभावली. पण दुसरी अडचण दादाची होती. साखरेच्या आजारामुळे त्याला अर्ध्या वाटेत गाडी थांबवावीच लागायची. लाकडाच्या वखारीमागे एक सोयीची जागा होती, आणि रोज तो तिथे दीड मिनिटात मोकळा होऊन यायचा. प्रवाशांना हे ठाऊक होतं आणि त्या वेळात ते शहाण्यासारखे खिडकीबाहेर दुसरीकडे बघायचे. सोमवारी दादाने कसाबसा दम धरला. शेवटच्या थांब्यावर तो ज्या वेगाने उतरला तो वेग त्याने गाडीला कधी दिला नव्हता. मंगळवारी मात्र वखार येताच गाडी थांबली.

"टायर बघून येतो," असं पुटपुटत दादा उतरला.

वहीवालीने घड्याळ बघितलं. पेन्सिल वर आली. दुर्बिणीचं डोकं मात्र ठिकाणावर होतं. तिने दार उघडलं, घंटी वाजवली आणि खणखणीत आवाजात पुकारलं, "लाकडाची वखाऽर! वखारवाले उतरून घ्या!"

वखारीला उतरणारा माणूस कधी जन्मालाच आला नव्हता. दुर्बिणीने नजर फिरवली आणि दुसऱ्या बाकावरच्या एका गरीब कारकुनावर रोखली.

"तुम्हाला इथेच उतरायचं होतं ना?"

कारकुनाने तिच्या डोळ्यांत बघितलं आणि तो मुकाट्याने उतरला. त्याचं कार्यालय आणखी पाच थांबे पुढे होतं. वहीवालीने लिहून घेतलं. बुधवारपासून दुर्बिणीने व्यवस्थाच लावली. रोज दोघांना वखारीला उतरवायचं, आणि दादा परत आला की 'अरे, चुकून उतरलात का?' म्हणून परत चढवायचं. असं दोन दिवस झाल्यावर कारकून स्वतःहून उठायला लागला.

शनिवारी शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली, पण वहीवाली उतरली नाही. वहीचं नवं पान उघडून ती दुर्बिणीसमोर येऊन उभी राहिली.

"काकू, एकच विचारायचं होतं. यादीतले थांबे सोडून गाडी रोज आणखी कुठे थांबते का? वखारीचं मी लिहिलंय. तसं अजून कुठे?"

हाच तो सापळा, दुर्बिणीला वाटलं. सहा दिवस हिने नुसती जाळी विणली आणि आज दोरी ओढते आहे.

"नाही."

"नक्की? एखादी भिंत, एखादा कोपरा?"

भिंत! दुर्बिणीने पापणी हलू दिली नाही. "बावीस वर्षं झाली मला ह्या गाडीवर. थांबत असती तर मला कळलं नसतं?"

"मग इथे सही कराल?"

दुर्बिणीने सही केली. वहीवालीचा चेहरा जरा पडल्यासारखा झाला. सावज हातचं गेलं म्हणून पडला, असं दुर्बिणीने दादाला सांगितलं, आणि दोघांनी त्या आनंदात डेपोत दोन कप चहा घेतला, दादाने बिनसाखरेचा.

रविवारी सर्वेक्षण संपलं तेव्हा धाकटीचा गुडघा टम्म सुजला होता. दुर्बिणीने रात्री तिला गरम पाण्याने शेक दिला.

"झालं आता," ती म्हणाली. "उद्यापासून भिंतीपाशी ये. त्या बाईला ताकास तूर लागू दिली नाही मी."

धाकटी हसली. पाय दुखत असूनही हसली, आणि ते हसू दुर्बिणीला पुढे फार दिवस आठवत राहिलं.

महिनाभर सगळं पूर्वीसारखं चाललं. मग नवी कंपनी आली. हिरव्या गाड्या आल्या, निम्म्या कंडक्टरांना घरी पाठवल्याचा कागद आला, आणि दुर्बिणीचं नाव राहणाऱ्यांच्या यादीत निघालं. नावापुढे शेरा होता: सर्वेक्षणकाळात नियमांचे काटेकोर पालन. तो शेरा तिने डेपोतल्या चौघांना वाचून दाखवला. दादाचंही नाव होतं. तो तर डोळे पुसत होता.

मग थांब्यांची यादी लागली. पाण्याची टाकी, जुना दवाखाना, आणि त्यांच्यामध्ये कंसात 'नवीन' असं लिहून लाकडाची वखार. तिथे खांब बसला, पत्र्याचं छप्पर आलं, बसायला बाकडं आलं. दादाने ते बघितलं आणि तो शरमेने लाल झाला. निळी भिंत यादीत नव्हती. ती आधी तरी कुठे होती, असं म्हणून दुर्बिणीने ते मनावर घेतलं नाही.

गाडी शिकवायला आलेल्या माणसाने दार दाखवलं तेव्हा मात्र तिच्या पायाखालची जमीन सरकली.

"थांबा आला की गाडीला आपोआप कळतं आणि दार उघडतं. एरवी उघडत नाही."

"आणि मला उघडायचं असेल तर?" दादाने विचारलं.

"तुम्हाला कशाला उघडायचंय?" तो माणूस म्हणाला.

दुर्बीण त्याच दुपारी कंपनीच्या कार्यालयात गेली. तिसऱ्या मजल्यावर एका लहान खोलीत वहीवाली बसली होती. भिंतीवर सगळ्या मार्गांचे नकाशे, टेबलावर चौकटीच्या वह्यांची चळत. तिने उठून खुर्ची दिली. दुर्बीण बसली नाही. तिने निळ्या भिंतीचं सगळं सांगितलं: पाय, पूल, अकरा माणसं, नऊ वर्षं. आयुष्यात पहिल्यांदा ती एवढं खरं एका दमात बोलली.

वहीवालीने चळतीतून एक वही काढली.

"मला संशय होताच, काकू. ते आजोबा हात करत होते. आणि त्या भिंतीपाशी जमीन झिजलीये, बघितलंय तुम्ही? रोज माणसं उभी राहिल्याशिवाय अशी झिजत नाही. म्हणून तर तुम्हाला विचारलं."

"पण का विचारताय ते सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर जो तो आपल्या घरासमोर थांबा मागत बसला असता. म्हणून आधी नुसतं बघायचं आणि शेवटी विचारायचं. माझं कामच ते होतं, कागदावर नसलेले थांबे शोधायचे. नऊ नंबरवाल्यांनी चार सांगितले, त्यांना चारही मिळाले." तिने वही वळवून दुर्बिणीपुढे ठेवली. "तुमच्या मार्गावर वखार सापडली. बाकी हे."

पानावर लिहिलं होतं: इतरत्र कुठेही थांबत नाही, असे वाहकाने सांगितले. खाली ठसठशीत सही होती. बावीस वर्षांत दुर्बिणीची सही कधी अशी सुरेख आली नव्हती.

"खोडा ते," ती म्हणाली.

"करारात यादी पाच वर्षांसाठी बंद झालीये. तुम्ही अर्ज द्या, मी वर पाठवते. पण खोटी आशा दाखवत नाही." वहीवालीचा आवाज हळू झाला. "फळ्यावर लिहिलं होतं ना, रोजच्याप्रमाणेच काम करा म्हणून?"

दुर्बिणीने अर्ज दिला. पण धाकटीला काही सांगितलं नाही. तीन दिवस रोज तिच्या दारापर्यंत गेली आणि इकडचं तिकडचं बोलून परत आली. बावीस वर्षं लोकांची सोंगं उघडी पाडणारी बाई, पण ह्या वेळी तिला तोंड उघडता आलं नाही.

नव्या गाडीच्या पहिल्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी भिंतीपाशी अकरा माणसं उभी होती. पुढे धाकटी. नवी गाडी म्हणून तिने नवी साडी नेसली होती. दादाने ब्रेक मारला. गाडी थांबली, दार हललं नाही. दादाने एक बटण दाबलं, दुसरं दाबलं.

"बाई, नाही उघडत हो."

काचेच्या पलीकडे धाकटीने हाताने विचारलं, काय झालं? मग तिने काचेवर टकटक केलं. दुर्बिणीने दोन्ही हातांची बोटं दाराच्या फटीत घालून जोर लावला. मागून गाड्यांचे भोंगे सुरू झाले. दादाने शेवटी गाडी सोडली. काचेतून मास्तरांचा वर केलेला हात दिसला आणि मग तोही मागे गेला. पुढे वखार आली तेव्हा गोड आवाजात घोषणा झाली, दार आपसूक उघडलं आणि छपराखालचं रिकामं बाकडं दिसलं. कोणी चढलं नाही, कोणी उतरलं नाही.

संध्याकाळी ती धाकटीकडे गेली. फाटक बंद झाल्यामुळे धाकटीचा दिवस बुडाला होता. दुर्बिणीने सगळं सांगितलं, सहीसुद्धा. काही लपवलं नाही.

धाकटीने ऐकून घेतलं. "सात दिवस म्हणालीस, मी सात दिवस चढले," ती म्हणाली. "आणि तुझी नोकरी राहिली."

"त्याचा ह्याच्याशी काय संबंध?"

"निम्म्यांची गेली, तुझी राहिली. तुला तेव्हाच ठाऊक होतं ताई. भिंत देऊन नोकरी घेतलीस."

"नाही गं! आईची शपथ. मला वाटलं ती बाई माझ्यावर पाळत ठेवते..."

"तुझ्या गाडीत शपथा घेणारे काय कमी असतात? ठेवतेस का तू त्यांच्यावर विश्वास?"

दुर्बीण तोंड उघडून बसून राहिली. धाकटी तिच्याकडे बघत होती, शांतपणे, बारकाईने, जशी दुर्बीण स्वतः बावीस वर्षं शेवटच्या बाकाकडे बघत आली होती.

दुसऱ्या दिवशी टाकीच्या थांब्यावर दार उघडलं. धाकटी दांडा धरून, आधी उंच बूट मग दुसरा पाय, असं करत वर आली. कपाळावर घाम होता, श्वास लागला होता. दुर्बिणीने हात पुढे केला, तो तिने धरला नाही. नऊ वर्षांत दुर्बिणीने तिचा पास कधी बघितला नव्हता. धाकटीने पिशवीतून तो काढला आणि हात ताठ करून तिच्यापुढे धरला.

"बघून घ्या," ती म्हणाली. "नीट बघून घ्या."

दुर्बिणीने पास हातात घेतला आणि पुढचा थांबा येईपर्यंत ती तो बघत राहिली, कारण वर बघायची तिची हिंमत नव्हती.